लिशियन वे आठ दिवसांत होईल का?

प्रश्न: आम्ही दोघी मैत्रिणी दादरच्या, सह्याद्रीत नेहमी ट्रेक करतो. तुर्कीतला लिशियन वे, म्हणजे समुद्रकिनाऱ्यालगतची ती लांबलचक पायवाट, चालायचीय पण सुट्टी आठच दिवस, तीही जुलैत. जमेल का?

उत्तर: आठ दिवस चालतील, जुलै मात्र नको. तिकडे तेव्हा पाऊस नसतो, नुसतं रणरणतं ऊन, आणि वाटेत सावली कमी. सुट्टी एप्रिल नाहीतर ऑक्टोबरात ढकला, प्लीज.

फेथिये ते अंताल्या हा रस्ता ५०० किमीच्या वर जातो, अख्खा करायचा तर महिना हवा, म्हणून ओलुदेनिझ ते पतारा एवढाच तुकडा घ्या. समुद्र बराच वेळ उजव्या हाताला खाली दिसत राहतो, कबाकच्या खोऱ्यात मुक्काम होतो, पुढे लेटून आणि झांथोस, म्हणजे १९८८ पासून युनेस्कोच्या यादीत असलेले लिशिया या इथल्या प्राचीन प्रदेशाचे अवशेष, आणि शेवटी पतारा, जिथे लिशियन नगरांच्या संघाची सभा भरायची ती दगडी इमारत अजून बघता येते. मला सगळ्यात आवडतो तो हाच भाग.

दगडांवर लाल-पांढरे पट्टे रंगवलेत, ते बघत चालायचं, फुली दिसली की ती वाट आपली नाही, मागे फिरा. चुनखडीचे दगड बोचरे, त्यामुळे जाड सोलचेच बूट घ्या. पाणी प्रत्येकी तीन लिटर तरी. इथून इस्तंबूल, तिथून फेथियेजवळच्या दालामानची फ्लाइट, आणि व्हिसाचं काम आधी उरका.