पाटी आधी की टिपरी?

प्रश्न : माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. अंगणवाडीतून आला की गाणी म्हणत उड्या मारत असतो. वीसपर्यंत आकडे तालात म्हणतो, पण एक अक्षर गिरवत नाही. सासरे म्हणतात, तिथे नुसता धिंगाणा चालतो. आम्ही घरी अहिराणी बोलतो, म्हणून मी मोबाईलवर मराठी-इंग्रजी बालगीतं लावून देते. माझं काही चुकतंय का?
— एक आई, पारोळा

उत्तर : ताई, गिरवण्याची घाई नको. या वयात बोटांची पकड कच्ची असते. बळेच पेन्सिल धरायला लावली तर मूल हात आखडतं आणि लिहिण्याचाच कंटाळा करतं. आधी खांद्यापासून हात फिरू द्या. अंगणात ओल्या मातीवर काठीने मोठमोठे गोल नि वळणं काढू द्या, तोंडाने गाणं चालू असू द्या.

आकड्यांकडे मात्र लक्ष द्या. वीसपर्यंत म्हणणं वेगळं, सात शेंगा मोजणं वेगळं. पुष्कळ मुलांचं तोंड दहावर पोचतं तेव्हा बोट सहाव्या शेंगेवर असतं. इथे अंग कामी येतं. पायरी चढताना एका पायरीला एकच आकडा. टोपलीत कांदे टाकताना एका कांद्याला एक. चाल संथ ठेवा.

यमकाचं म्हणाल, तर वाचनाची तयारी तिथूनच सुरू होते. माय, गाय, साय असं म्हणताना मुलाच्या कानाला कळतं, की पहिला आवाज बदलला की शब्द बदलतो. ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांचा १९८३ सालचा अभ्यास प्रसिद्ध आहे. वाचायला शिकण्याआधी ज्यांना यमक ओळखता येत होतं, ती मुलं पुढे वाचनात सरस ठरली. मुलं इंग्रजी बोलणारी होती, पण शब्दातले आवाज वेगळे ऐकू येणं आपल्याही मुलांना लागतंच. शब्दांवर टाळ्या वाजवून बघा. के-ळी, दोन टाळ्या. 'कापूस'लाही तो दोनच वाजवील, का-पूस. अक्षरं तीन आहेत म्हणून त्याला टोकू नका. त्याचा कान बरोबर ऐकतोय.

आणि अहिराणी सोडू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. जे शब्द त्याला पुरते समजतात, त्यांच्याशीच त्याला खेळता येतं. मराठी शाळेत येईलच, आधीच्या भाषेच्या आधाराने लवकर येईल. मोबाईलवरचं गाणं मुलासाठी थांबत नाही, तुम्ही थांबू शकता. ओळीचा शेवटचा शब्द गाळा आणि त्याच्या तोंडाकडे बघा. तो शब्द त्याने शोधून भरला, की गाणं त्याचं झालं. चुकीचा पण यमक जुळणारा शब्द भरला तर अधिकच छान!

सासऱ्यांना भुलाबाईच्या खेळाची आठवण करून द्या. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्याकडे पोरी टिपऱ्यांवर गाणी म्हणतात. दुसऱ्याच्या टिपरीवर आपली टिपरी नेमकी पडायची तर ऐकावं लागतं, वाट बघावी लागते, पुढची ओळ ध्यानात ठेवावी लागते. पहिलीच्या वर्गात बाई हेच तर मागतात. त्याला धिंगाणा कसं म्हणायचं? त्यांनाच विचारा, लहानपणी मोटेवर, पेरणीच्या वेळी काय म्हणायचे. नातवाला ते शिकवायला त्यांच्याहून योग्य माणूस घरात नाही.

एवढं मात्र तपासा. पाठीमागून हाक मारली तर तो वळत नसेल, किंवा त्याचं बोलणं बाहेरच्यांना समजत नसेल, तर वाट न बघता डॉक्टरांकडून त्याचे कान तपासून घ्या.