नवे मूत्रपिंड, तरीही पोटॅशियम वाढलेले : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या यजमानांना सात महिन्यांपूर्वी सासूबाईंनी आपले एक मूत्रपिंड दिले. डायालिसिस सुटले आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा रक्तातील घटक) १.२ वर स्थिरावले आहे. डायालिसिसच्या काळात फळे, शहाळे, डाळी हे सारे मोजून-मापून खाल्ले. प्रत्यारोपणानंतर ती बंधने संपली, असे आम्ही धरून चाललो होतो. मात्र गेल्या दोन तपासण्यांत पोटॅशियम ५.६ आणि ५.७ आले. नवे मूत्रपिंड शरीर नाकारत आहे का? पूर्वीचे सगळे पथ्य पुन्हा सुरू करावे का? ते चतुर्थी आणि एकादशी करतात, हेही सांगून ठेवते.
— एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : क्रिएटिनिन स्थिर असताना केवळ पोटॅशियम वाढले, तर पहिला संशय मूत्रपिंड नाकारले जाण्याचा नसतो, औषधांचा असतो. रक्तातील पोटॅशियम साधारणपणे ३.५ ते ५ या मर्यादेत असावे. जास्तीचे पोटॅशियम मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या शेवटच्या भागातून लघवीत टाकले जाते, आणि प्रत्यारोपित अवयव टिकावा म्हणून रोज घ्यावे लागणारे टॅक्रोलिमस नेमके तिथेच हे काम मंदावते. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी सुरुवातीचे काही महिने दिली जाणारी कोट्रायमॉक्सॅझोलची गोळीही तेच करते. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन चालू असेल, तर तिसरी भर पडते. म्हणजे मूत्रपिंड चांगले असूनही त्याचे पोटॅशियम बाहेर टाकणारे दार अर्धवट लोटलेले असते.

म्हणून पुढच्या भेटीला जाताना घरातील सगळ्या गोळ्यांची पिशवी बरोबर न्यावी. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळी आणि कोणी सुचवलेला काढाही तिच्यात असू द्यावा. टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी पाहून मात्रा कमी करायची का, रक्तदाबाची गोळी बदलायची का, हे डॉक्टर ठरवतील. आपण मात्र स्वतःच्या मनाने एकही गोळी थांबवू नये. पोटॅशियमच्या भीतीने टॅक्रोलिमस चुकवले, तर आज नसलेला नाकारले जाण्याचा धोका उद्या खरोखर उभा राहील.

रक्त काढताना मूठ वारंवार आवळली किंवा नमुन्यातील तांबड्या पेशी फुटल्या, तरी आकडा खोटा वाढतो. आपल्याकडे मात्र दोनदा तसाच आकडा आला आहे, तेव्हा तो खरा समजूनच चालावे.

आता आहाराकडे येतो. डायालिसिसचे पथ्य जसेच्या तसे परत आणण्याची गरज नाही. मोठे स्रोत ओळखून तेवढेच आवरावेत. आपण उपवासाचा उल्लेख केलात ते फार बरे झाले, कारण रुग्णाला ‘काय खाता’ असे विचारले, की तो रोजचे जेवण सांगतो, एकादशीचे ताट सांगत नाही. शंभर ग्रॅम बटाट्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते, तेवढ्याच खजुरात सुमारे ६५० आणि शेंगदाण्यांत ७०० च्या आसपास; रताळे आणि केळेही याच पंक्तीतले. पथ्य लागते तेव्हा दिवसाची मर्यादा बहुधा २००० ते ३००० मिलिग्रॅमच्या दरम्यान ठेवतात. बटाट्याची भाजी, दाण्याची आमटी, दोन केळी आणि वर ग्लासभर शहाळ्याचे पाणी, ज्यात एकट्यातच ५०० ते ६०० मिलिग्रॅम असू शकते, एवढ्यात त्या मर्यादेचा मोठा भाग संपतो. उपवास सोडा, असे मी म्हणणार नाही. साबुदाण्यात पोटॅशियम जवळजवळ नसते आणि वरीच्या तांदळातही कमी असते. बटाटा न घालता, दाण्याचे कूट जेमतेम ठेवून केलेली खिचडी त्यांना चालेल. प्रत्यारोपणानंतर दिल्या जाणाऱ्या स्टिरॉइडमुळे रक्तातील साखर वाढली असेल, तर मात्र साबुदाणाही मोजूनच.

बटाटा आपल्याकडे सालासकट कुकरमध्ये उकडतात. त्यात पोटॅशियम आतच राहते. साल काढून, बारीक फोडी करून भरपूर पाण्यात उकळावे आणि ते पाणी फेकून द्यावे. नुसते भिजवून ठेवल्याने फारसे साधत नाही. याच न्यायाने पुरणाच्या डाळीचा कट पोटॅशियमने भरलेला असतो, म्हणून कटाची आमटी त्यांच्यासाठी नको.

सर्वांत फसवी वस्तू म्हणजे ‘कमी सोडियमचे’ मीठ. रक्तदाबासाठी चांगले म्हणून ते घरात येते, पण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. साधेच मीठ वापरावे, थोडे वापरावे.

जुलाब झाले तर घरात शहाळे किंवा मीठ-साखरेच्या क्षारांचे तयार पाकीट लगेच पुढे येते. दोन्हींत पोटॅशियम आहे, शिवाय जुलाबात टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी चढू शकते. अशा वेळी घरगुती उपचारात दिवस न घालवता प्रत्यारोपण केंद्राला फोन करावा. पोटॅशियम ६ च्या वर गेले, अथवा हातापायांतले बळ गेल्यासारखे वाटले किंवा छातीत ठोके चुकू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन हृदयाचा आलेख काढून घ्यावा. अनेकदा कोणतेही लक्षण नसते, म्हणून ‘बरे वाटते आहे’ या आधारावर तपासणी पुढे ढकलू नये.

प्रश्न : वडिलांचे यकृत प्रत्यारोपण होऊन दोन वर्षे झाली. पोटॅशियम ४.३ आहे. ते वाढेल या धास्तीने आईने फळे आणि टोमॅटो बंद केले आहेत. हे योग्य आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. ४.३ हा आकडा उत्तम आहे आणि तो तसा असताना फळे-भाज्या तोडल्याने बद्धकोष्ठ मात्र वाढेल. टॅक्रोलिमस तेही घेत असतील, म्हणून नियमित तपासणी चुकवू नये आणि आकडा ५ च्या वर सरकू लागला, तरच आहारतज्ज्ञांशी बोलून कपात करावी. तोवर आईंना सांगा, की केळे, टोमॅटोची कोशिंबीर, संत्रे खुशाल द्यावे. वर्ज्य ठेवायचे ते पपनस आणि ग्रेपफ्रूट, आणि तेही पोटॅशियमसाठी नव्हे : त्यांच्या रसाने टॅक्रोलिमसची पातळी वाढते.