लाल पेन लेकरांच्या हाती द्या

मॅडम, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. परभणी जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची शाळा, सातवीचा वर्ग, पट चाळीसच्या आसपास. लेकरं गुणी आहेत, सांगितलेलं सगळं करतात. पण सांगितल्याशिवाय काहीच करत नाहीत. फळ्यावरचं उतरवून झालं की 'मॅडम, पुढं काय लिवायचं?' म्हणून उभी. अभ्यास आपला आहे असं त्यांना वाटावं म्हणून तुम्ही गटप्रमुख नेमले, भिंतीवर तक्ते लावले, परिपाठातही सांगून पाहिलं. फरक पडला नाही.

पडणार कसा? गटप्रमुख म्हणजे बहुतेक वर्गांत वह्या गोळा करणारा बिनपगारी शिपाई. शाळेचं मंत्रिमंडळ शपथविधीच्या फोटोपुरतं. या गोष्टी वाईट नाहीत, पण त्यात लेकराला ठरवायला काही मिळत नाही. माझं म्हणणं सरळ आहे: आपलं काम बरोबर झालं का चुकलं, हे ठरवायचा अधिकार जोवर तुमच्याकडे आहे, तोवर अभ्यासही तुमचाच राहणार. लेकरू वही तुमच्या टेबलावर टाकतं तेव्हा त्याच्या डोक्यातला तो विषय संपलेला असतो. पुढचं मॅडम बघतील. म्हणून बाकी सगळं राहू द्या, आधी तपासणी त्यांच्याकडे द्या.

गणितापासून सुरुवात करा, तिथं सोपं जातं. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकात मागं उत्तरसूची असते. आपण ती लपवतो किंवा 'मागं बघायचं नाही' म्हणतो. माझ्या वर्गात ती उघडी असते. सरावसंचातली दोन-तीन उदाहरणं सोडवायची, मागं पडताळायची आणि समासात खूण करायची. जुळलं तर टिक. जुळलं नाही पण चूक कुठल्या ओळीत झाली ते सापडलं, तर त्या ओळीखाली रेघ. जुळलं नाही आणि चूकही सापडेना, तर गोल. टिक आणि रेघ घेऊन माझ्याकडं यायचं नाही. गोल आला तर आधी शेजाऱ्याला दाखवायचं, त्यालाही सापडेना तरच मला. चाळीस वह्यांचा ढीग असा उतरतो, आणि जो वेळ वाचतो तो नेमका अडलेल्या लेकरांजवळ बसायला मिळतो.

यात काय घडतं ते एका उदाहरणानं सांगतो. एका मुलीनं 1/2 + 1/3 = 2/5 केलं होतं. ही चूक तुम्हीही शेकडो वह्यांत पाहिली असेल: अंशात अंश, छेदात छेद. उत्तरसूचीत 5/6. तिनं गोल केला. शेजारणीनं लसावि काढायची रीत घडाघडा म्हणून दाखवली, हिनं मान डोलावली, पण चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मी जाऊन एवढंच विचारलं, "दोन पंचमांश हे अर्ध्यापेक्षा जास्त का कमी?" तिनं कागदाची पट्टी घेतली, पाच सारखे भाग पाडले, दोन रंगवले, बोटानं मधोमध खूण केली. "कमी हाय." मग गप्प. मग म्हणाली, "अर्ध्यात अजून घातलं तर कमी कसं व्हईल?" लसावि तिला तेव्हा लागला, कारण आता तो तिला हवा होता. त्यानंतर बेरजेचं उत्तर आलं की ती आधी ते मिळवलेल्या संख्यांपेक्षा मोठं आहे का ते बघायची. ही तपासणी तिची स्वतःची होती, कुठल्या पुस्तकात तशी दिलेली नाही. (ऋण संख्या आल्यावर तीच तपासणी फसली, आणि 'सर, इथं चालंना' अशी तक्रार घेऊन तीच आली. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.)

तुमची शंका येणारच: लेकरं उत्तरं बघून उतरवतील की! उतरवतील. पहिले काही आठवडे खुशाल उतरवू द्या. त्या कामाला गुणच नसले तर उतरवून पदरात काय पडणार? मात्र दर सोमवारी पुस्तक मिटून त्याच घटकावरची पाच उदाहरणं द्या, तीही त्यांनीच तपासायची, आणि तो आकडा वर्गात वाचून दाखवायचा नाही. ज्यानं उतरवलं त्याला ते तिथं आपोआप कळतं. ओरडायची गरज पडत नाही.

गुणांबद्दल बोलतोय तर हेही सांगतो. रूथ बटलर या संशोधिकेनं 1988 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही मुलांना कामावर नुसते गुण दिले, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती नुसता शेरा मिळालेल्यांत. गुण आणि शेरा दोन्ही दिले त्यांचं नुसते गुण मिळालेल्यांसारखंच झालं. आपण वहीत 10 पैकी 6 लिहून खाली चार ओळी उपदेश लिहितो, त्या ओळी कोण वाचतंय? 'तुला किती?' एवढंच विचारतात आणि वही दप्तरात जाते. तेव्हा रोजच्या कामावर आकडा नको. शेराही 'छान', 'प्रयत्न कर' असा नको. 'तिसरी ओळ पुन्हा बघ' एवढं बास.

दुसरी गोष्ट, जिथं उत्तर खरं का खोटं हे सांगायला शिक्षक लागतच नाही अशी कामं शोधा. ती शाळेतच पडलेली असतात. पोषण आहाराचं घ्या. सहावी ते आठवीला प्रत्येकी 150 ग्रॅम तांदूळ. हजेरी झाली की दोघा-दोघांची पाळी: हजर किती, तांदूळ किती, स्वयंपाकीताईंना चिठ्ठी. 38 हजर तर 5 किलो 700 ग्रॅम. नोंदवहीची जबाबदारी आपलीच, म्हणून चिठ्ठी जाण्याआधी मी नजर टाकतो. पण एखाद्यानं 57 किलो लिहिलं तर मी बोलायच्या आधी ताईच हसतात, आणि दशांश चिन्हाचं महत्त्व त्या हसण्यात जेवढं कळतं तेवढं माझ्या तासाला कळत नाही.

पावसाचं तर आपल्याकडं विचारूच नका. 2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते आजच्या लेकरांनी घरच्यांकडून ऐकलेलं असतं. एका वर्गाला मी सांगितलं, पाण्याबद्दल तुम्हाला काय शोधायचंय ते तुम्ही ठरवा. बरीच चर्चा होऊन प्रश्न निघाला: आपल्या खोलीच्या पत्र्यावरचं पाणी धरलं तर पिंप किती पावसात भरेल? खोली 8 मीटर लांब, 6 मीटर रुंद, उतार एकाच बाजूला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, हे मी सांगितलं. पुढचं त्यांनी केलं: 48 चौरस मीटर, म्हणजे मिलिमीटरला 48 लिटर, म्हणजे 200 लिटरचं पिंप चार मिलिमीटरच्या थोडं वर भरायला हवं. मोजपात्रही त्यांनीच केलं, सरळ उभ्या कडांच्या डब्याला पट्टी चिकटवून. पाऊस झाला. डब्यात सहा मिलिमीटर, आणि पिंप जेमतेम अर्धं! मग वाद. गणित चुकलं म्हणणारे एका बाजूला, डबा चुकीच्या जागी ठेवला म्हणणारे दुसऱ्या. पुढच्या पावसात दोघं पत्र्याखाली भिजत उभे राहिले आणि पन्हाळ मधल्या जोडात गळतीय हे शोधून आले. गणित बरोबर निघालं याचा त्यांना कोण आनंद. पन्हाळीची दुरुस्ती शाळा व्यवस्थापन समितीच्या विषयांत घालावी असा अर्जही लिहिला, शुद्धलेखन चार वेळा स्वतः तपासून, कारण तो गावातली मोठी माणसं वाचणार होती.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि तुमच्या वर्गात हे असणारच: ऊसतोडीला जाणारी लेकरं. दिवाळीच्या आगंमागं टोळ्या निघतात, त्या मार्च-एप्रिलात परततात. काही लेकरं हंगामी वसतिगृहामुळं किंवा आजी-आजोबांजवळ मागं राहतात, काही जातातच. जाणाऱ्याला शिक्षण हमी कार्ड द्याच, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत बसायची सोय होते. पण त्यासोबत मी त्याच्या हातची एक यादी देतो. पाठांची नावं त्यात नसतात. 'छेद सारखे असले तर बेरीज येते', 'छेद वेगळे असले तर अडतंय', 'टक्केवारी अजून केली नाही', अशी त्याच्याच शब्दांतली वाक्यं. समोर तारीख आणि टिक, रेघ किंवा गोल, समासातल्याच खुणा. ही यादी सगळ्या वर्गाची असते, घटक संपला की प्रत्येकानं आपापली भरायची. पण जाणाऱ्यासाठी ती जीव की प्राण. तिकडच्या नव्या शिक्षकाला लेकरू 'मला काय येत नाही' हे बोट ठेवून सांगू शकतं. आणि एप्रिलात परत आल्यावर वर्ग कुठल्या कुठं गेलेला असतो, तेव्हा 'मला काहीच येत नाही' म्हणून कोपऱ्यात बसायच्या ऐवजी यादी काढतं. सगळीच काढतात असं नाही. यादी हरवतेही. म्हणून एक प्रत कपाटात.

पालक आणि साहेब यांचं काय, असं तुम्ही शेवटी विचारलंय. वहीत लाल शाई दिसली नाही की पालक म्हणतात, मॅडम तपासत नाहीत. पहिल्या पालकसभेत खुणांचा अर्थ लेकरांनाच सांगायला लावा, तुम्ही सांगू नका. केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी येतील तेव्हा आठवड्याला एकदा तुमची तारखेसह सही वहीत असू द्या, तेवढ्यानं बहुतेकांचं समाधान होतं. आणि नाहीच झालं तर 20 ऑगस्ट 2010 चा सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय दाखवा. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या साधनांत 'इतर' या सदरात स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायी मूल्यमापन स्पष्ट लिहिलंय. आपण सगळे ते सदर शेवटच्या आठवड्यात अंदाजानं भरतो ही गोष्ट वेगळी.

'परीक्षा जवळ आल्यावर हे बंद करून सराव घ्यावा का?' नको, उलट तेव्हाच ते जास्त लागतं. पाचवी-आठवीला आता वार्षिक परीक्षा आली म्हणून सगळीकडं पुन्हा वाचून घेणं आणि उतरवून घेणं सुरू झालंय. रोडिगर आणि कार्पिक यांचा 2006 चा प्रयोग आहे: उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर पुस्तक मिटून आठवून पाहणारेच पुढं होते. लातूर पॅटर्नचं नाव निघालं की लोक शिकवणीचे तास मोजतात, माझ्या मते त्यातली कामाची गोष्ट म्हणजे पुन्हापुन्हा सोडवलेल्या सरावपत्रिका. फक्त तुमच्या सातवीत ती पत्रिका तुम्ही तपासू नका. प्रत्येकानं आपल्या चुकांतून दोन प्रश्न काढायचे, आणि त्या प्रश्नांचीच पुढच्या सोमवारची पत्रिका करायची. जून गेला म्हणून पुढच्या वर्षाची वाट बघू नका, दिवाळीनंतरच्या सत्राला एका घटकापासून सुरू करा. अपूर्णांक असला तर उत्तम.