तरतूद कर, पण दुकान चालू ठेव

फोर्ट, मुंबई

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

सीए फायनलच्या निकालानंतरचा तुझा मेसेज वाचला. फोनवर दोन ओळींत उत्तर देण्यासारखा विषय नव्हता, म्हणून सवडीने लिहायला बसले. तू म्हणतेस, ‘मॅडम, आशावादी राहून बघितलं, आता रिअलिस्ट झालेय. शंभरातले ऐंशी नापास होतात, त्यातली मी एक.’ आणि पुढे विचारतेस की आशावादी माणसं जास्त सुखी असतात हे खरं का, आणि असेल तर तसं होता येतं का.

आधी तुझ्या त्या रिअलिझमकडे बघू. सीए फायनलचे तीन-तीन पेपरांचे दोन्ही ग्रुप एका फटक्यात काढणारे गेल्या काही वर्षांत शंभरात वीसच्या वर क्वचितच गेले आहेत, हे खरंच आहे. पण तू मला कळवलेस ते फक्त एफआरचे, म्हणजे फायनान्शियल रिपोर्टिंगचे, ३८. एएफएमचे, म्हणजे फायनान्शियल मॅनेजमेंटचे, ४४ आणि ऑडिटचे ६२ मी विचारल्यावर सांगितलेस. अगं, ६२ म्हणजे एक्झेम्पशन. पुढच्या तीन अटेम्प्टना ऑडिटचा पेपर द्यायचा नाही आणि ते मार्क ग्रुपच्या बेरजेतही धरले जाणार. ग्रुपला तीनशेत दीडशे लागतात, म्हणजे राहिलेल्या दोन पेपरांत मिळून तुला ८८ हवेत, आज ८२ आहेत. हे जिथे मांडलेलं नाही, त्या हिशेबाला वास्तववादी कसं म्हणू? क्लायंटने खर्चाची सगळी बिलं आणली आणि विक्रीची निम्मीच आणली, तर त्या खात्यांवर आपण सही करत नाही.

निराश माणूस बहुतेक वेळा स्वतःला वास्तववादीच समजतो, कारण त्याला दिसतं ते खोटं नसतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७३. फोर्टातल्या आभाळाकडे बघून घरी निघालेली कितीतरी माणसं पुढे कंबरभर पाण्यात अडकली. त्यांनी पाहिलेलं आभाळ खरंच होतं, पण ते कुलाब्याचं होतं. तू सध्या उलट बाजूला उभी आहेस. सांताक्रूझचा आकडा घेऊन सगळ्या शहराबद्दल बोलते आहेस.

आता आपल्याच विषयाकडे ये. तो तू पाठ केलास, पण स्वतःला कधी लावला नाहीस. हिशेब लिहिताना आपण प्रुडन्स पाळतो, म्हणजे न झालेला नफा धरायचा नाही आणि दिसत असलेल्या तोट्याची तरतूद आधी करायची. हा निराशावादच आहे, आणि तो योग्य आहे. पण तेच हिशेब गोइंग कन्सर्न धरून लिहितो. धंदा उद्याही चालणार आहे असं मानल्याशिवाय मशिनरीचा घसारा तिच्या आयुष्यभर वाटता येत नाही. तसं मानलं नाही तर प्रत्येक वस्तू भंगाराच्या भावाने मांडावी लागेल. म्हणजे एकाच ताळेबंदात आकड्यांपुरती निराशा आहे आणि पायाशी आशा आहे. दोन्ही असल्यावरच तो ट्रू अँड फेअर, म्हणजे खरा आणि रास्त होतो. तुझं उलटं झालंय. गेल्या वर्षी आकडे आशेने धरलेस, आणि आता पायाच निराशेवर घालायला निघालीस.

गेल्या वर्षीचं तुला आठवत असेल. एफआर दोन महिन्यांत संपवते म्हणालीस, लागले चार. यात तुझं काही विशेष चुकलं नाही, माणसाचं डोकंच असं चालतं. रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना किती दिवस लागतील ते विचारलं होतं. सरासरी अंदाज निघाला ३४ दिवसांचा. सगळंच बिनसलं तर किती, यावर सरासरी उत्तर ४९च्या आसपास आलं. प्रत्यक्षात लागले ५५च्या वर. म्हणजे मुद्दाम वाईट धरून केलेला अंदाजही कमीच पडला. म्हणून वेळ, पैसा, मेहनत यांचा अंदाज मनाच्या कौलावर करू नये. एप्रिलमध्ये बँकेच्या शाखेचं ऑडिट आलं की मी तुम्हा मुलांना ‘किती दिवस लागतील’ असं विचारत नाही, मागच्या वर्षीची टाइमशीट काढायला सांगते. तशीच तुझ्या अभ्यासाची काढ. डोंबिवली ते सीएसएमटी जाण्यायेण्याचा वेळ, घरचं काम, आजारपणाचे दिवस सगळं त्यात येऊ दे. इथे जितकी निराशावादी होशील तितकं बरं.

काळज्यांचं काय करायचं, तेही इंड एएस ३७ या हिशेबाच्या मानकात आहे आणि तुझ्या पेपरात ते येतं. नुकसान होण्याची शक्यता न होण्यापेक्षा जास्त असेल तर तरतूद करायची. तेवढी नसेल पण नाकारता येत नसेल, तर हिशेबाखालच्या टिपेत लिहायचं. अगदीच दूरची असेल तर टीपसुद्धा नाही. तुझ्या मेसेजमधल्या भीती मी अशाच लावून बघितल्या. कन्सॉलिडेशनचा, म्हणजे समूहातल्या कंपन्यांचे हिशेब एकत्र करण्याचा, प्रश्न वेळेत न संपणं ही पहिल्या प्रकारातली, त्यासाठी घड्याळ लावून सराव हीच तरतूद. पुन्हा एखादा पेपर राहणं टिपेत. फायनल वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा होते, त्यामुळे त्याची किंमत तुझ्या मनात आहे त्याहून बरीच कमी आहे. आणि ‘आयुष्यभर मला कोणी विचारणार नाही’ याला कुठेच जागा नाही, ते खोडून टाक. गरजेपेक्षा जास्त तरतूद म्हणजे गुप्त राखीव निधी, आणि तो हिशेबही खोटाच असतो.

तुझे बाबा ‘होईल गं, टेन्शन घेऊ नको’ म्हणतात आणि त्याने तुला जास्तच भीती वाटते, असं लिहिलंयस. त्यात तुझं मन कोतं नाही. ज्युली नोरेम आणि नॅन्सी कँटर यांनी १९८०च्या दशकात अशाच माणसांचा अभ्यास केला. काय काय बिघडेल याची यादी मनात केल्यावरच ही माणसं नीट कामाला लागतात, आणि आशावाद्यांपेक्षा काही मागे पडत नाहीत. मात्र ‘तुझं छानच होणार’ असं आधी सांगून त्यांची यादी मोडली की त्यांचं काम बिघडतं. तुझा पिंड तो असेल तर असू दे. बाबांना प्रेमाने सांग, की मला धीर देऊ नका, माझी यादी ऐकून घ्या. फक्त यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे काय करणार ते लिहिलेलं हवं. ते नसेल तर ती यादी काळजी म्हणून रात्रभर डोक्यात फिरते.

दुसऱ्या टोकाचंही सांगते, कारण तुझ्या वयाच्या मुलांना मोबाइलवर सध्या ते फार ऐकवलं जातं. यश डोळ्यांसमोर आणा, मिळालंच आहे असं समजा. गॅब्रिएले एटिंगेन यांनी पदवीधरांवर केलेल्या अभ्यासात नोकरीची गोड स्वप्नं रंगवणाऱ्यांना दोन वर्षांनी कमी नोकऱ्या चालून आल्या होत्या आणि पगारही कमी होता. ‘मला नोकरी मिळेल’ असा विश्वास असलेल्यांचं मात्र बरं चाललं होतं. विश्वास मागच्या अनुभवावर उभा असतो. स्वप्नात ते मिळून गेलेलं असतं, मग उठून अर्ज कोण करणार? याच कारणासाठी ‘मुंबई स्पिरिट’ची वाहवा मला सहन होत नाही. पाणी भरलं, तरी माणसं दुसऱ्या दिवशी कामावर गेली, याचं कौतुक करून आपण नाला साफ करायची मागणी सोडून देतो. माणसं जातात कारण रोजचा पगार बुडवून चालत नाही. त्यांच्या धीराबद्दल मला अतोनात आदर आहे, आणि म्हणूनच तो धीर तुंबलेल्या गटारावर झाकण म्हणून वापरलेला मला बघवत नाही.

आता सुखाचं. आशावादी माणसं सुखी दिसतात, यात थोडा स्वभावाचा भाग आहे, पण बराचसा भाग ती नापास झाल्यावर स्वतःशी काय बोलतात त्याचा आहे. मार्टिन सेलिगमन यांनी यावर आयुष्य घालवलं. ‘मला अभ्यासच जमत नाही’ या वाक्यात अपयश कायमचं होतं, सगळ्या आयुष्यावर पसरतं आणि तुझ्या अंगाला चिकटतं. ‘या वेळी कन्सॉलिडेशनचे दोन प्रश्न अर्धे राहिले’ हे तेवढंच खरं आहे, आणि त्यावर उद्या सकाळी काम करता येतं. दोन्ही वाक्यं खरी वाटत असतील, तेव्हा जे दुरुस्त करता येतं ते निवड. यात मनाची फसवणूक नाही.

आणि एक गोष्ट मला तुझ्याबद्दल फार लागली. मैत्रिणीच्या लग्नाला गेली नाहीस, गणपतीत गावी गेली नाहीस, ‘पास झाल्यावर सगळं’ म्हणालीस. न झालेला नफा दाखवायचा नाही हे बरोबर, पण झालेलं उत्पन्न त्याच वर्षात दाखवावं लागतं, पुढे ढकलता येत नाही. तुझ्या आईच्या हातचं जेवण, आजीचं अजून खणखणीत बोलणं, तुझी ती मैत्रीण हे सगळं या वर्षीचं आहे. निकालावर त्यातलं काहीही टांगून ठेवू नकोस. मी पाहिलेली सगळ्यात दुःखी माणसं नापास झालेली नव्हती. पास होईपर्यंत जगणं थांबवलेली होती, आणि पास झाल्यावर त्यांना ते परत सुरू करता येईना.

शनिवारी दोननंतर ऑफिसला ये. दोन्ही पेपरांच्या प्रश्नपत्रिका आण, आणि गेल्या सहा महिन्यांची आठवेल तशी टाइमशीट, जुळवून सजवलेली नको. काय काय बिघडू शकतं त्याची यादीही आण, कितीही मोठी असली तरी. आपण बसून तिचे तीन भाग करू आणि मग फॉर्म कधीचा भरायचा ते ठरवू. आणि त्या मैत्रिणीला आजच फोन कर.

तुझी,
मॅडम