गोळ्या चालू असूनही गरोदरपणात हिमोग्लोबिन का वाढत नाही?

तुम्ही लिहिलंय की वहिनींना, म्हणजे तुमच्या पत्नींना, बाविसावा आठवडा चालू आहे. तेराव्या आठवड्यात हिमोग्लोबिन ९.८ होतं, त्यानंतर सरकारी दवाखान्यातली लाल गोळी रोज एक घेऊनही आता ९.६ आलंय. सकाळी चहा-आंबोळी झाली की लोहाची, कॅल्शियमची आणि ॲसिडिटीची गोळी त्या एकदमच घेतात, म्हणजे विसरायला होत नाही. जेवणात भात, मासे, सोलकढी, नाचणी असते. गूळ आणि बीट मुद्दाम सुरू केलंय. बाळावर परिणाम होईल का, आणि ‘जास्त खाल्लं तर बाळ मोठं होऊन सिझर होईल’ हे आईंचं म्हणणं खरं का, असंही विचारलंय.

माझ्या मते निम्मं उत्तर तुमच्या ‘एकदमच’ या शब्दातच आहे. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं आणि ते आतड्यातून पुढे जाऊ देत नाही. कॅल्शियममुळे लोहाचं शोषण घटतं. ॲसिडिटीची गोळी पोटातलं आम्ल कमी करते, आणि लोह विरघळून शोषलं जायला तेच आम्ल लागतं. म्हणजे गोळी रोज पोटात जाते, पण तिच्यातलं बरंचसं लोह शौचावाटे निघून जातं. शौचाला काळं होतंय म्हणजे गोळी लागू पडतेय, असंही समजू नका. तो काळा रंग न शोषलेल्या लोहाचाच असतो. त्याची भीती मात्र नको, आणि गोळीने बाळ काळं होतं या बोलण्यात काही तथ्य नाही.

वेळा अशा बदला. सकाळी चहा आणि न्याहारी नेहमीसारखी, न्याहारीनंतर कॅल्शियमची पहिली गोळी. दुपारी चारला चहा आणि काहीतरी खाणं, कॅल्शियमची दुसरी गोळी दिलेली असेल तर ती त्याबरोबर. रात्रीचं जेवण आठला उरकलं तर लोहाची गोळी दहाला, झोपताना, अर्ध्या लिंबाच्या पाण्याबरोबर; दुधाबरोबर कधीच नको. लोह आणि कॅल्शियम यांत किमान दोन तास हवेत. जेवणानंतर तासभर तरी चहा नको, दीड तास थांबता आलं तर उत्तम. ॲसिडिटीची गोळी अजून लागतेय का, हे डॉक्टरांना विचारा, आपल्या मनाने बंद करू नका. रात्री लोहाने मळमळलं तर तीच गोळी सकाळी साडेअकराला, जेवणाआधी तासभर घ्यावी. बद्धकोष्ठ झालं म्हणून गोळी सोडून देणाऱ्या बायका फार आहेत. त्यावर पाणी वाढवा, रात्री भिजवलेले दोन-तीन अंजीर किंवा मूठभर काळ्या मनुका सकाळी द्या, पालेभाजी रोज ठेवा. तरीही त्रास राहिला तर गोळीचा प्रकार बदलून मिळतो.

दुसरी गोष्ट मात्रेची. लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. रोज एक गोळी ही हिमोग्लोबिन ११ किंवा त्याहून जास्त असलेल्या बाईसाठी, रक्त कमी होऊ नये म्हणून. ११ च्या खाली आणि ७ पर्यंत असेल तर ‘ॲनिमिया मुक्त भारत’ या सरकारी कार्यक्रमाच्या सूचनांप्रमाणे रोज दोन गोळ्या द्यायच्या असतात आणि दर महिन्याला तपासायचं असतं. वहिनींना उपचाराची मात्रा मिळतच नाहीये, फक्त बचावाची मिळतेय. उपकेंद्रातल्या सिस्टरना किंवा डॉक्टरांना हे थेट विचारा. दोन झाल्या तर एक साडेअकराला, एक झोपताना. खासगी डॉक्टरांची गोळी चालू असेल तर पाकिटावर ‘एलिमेंटल आयर्न’, म्हणजे गोळीतलं प्रत्यक्ष लोह, किती ते वाचा. काहींत ते १०० मिलिग्रॅम असतं, तिथे आपणहून दुप्पट करायचं नाही.

९.८ वरून ९.६ ही घसरण दिसते तितकी वाईट नाही. गरोदरपणात रक्तातला पातळ भाग ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो, लाल पेशी त्या मानाने कमी वाढतात, म्हणून या महिन्यांत आकडा थोडा उतरतोच. पण ते धरूनही साडेदहाच्या खाली जायला नको होतं. आणखी एक: बोटाला टोचून यंत्रावर काढलेला आकडा आणि लॅबमधल्या शिरेच्या रक्ताचा आकडा यांत फरक पडू शकतो. दोन्ही तपासण्या एकाच ठिकाणच्या असतील तरच तुलना करा.

आता जेवण. संपूर्ण गरोदरपणात बाईला साधारण १००० मिलिग्रॅम लोह जास्तीचं लागतं: ३०० बाळ आणि वारेसाठी, ५०० तिचं स्वतःचं रक्त वाढायला, बाकी रोजच्या झिजेला. आपल्या जेवणात दिवसाला १५ ते २० मिलिग्रॅम लोह असतं आणि त्यातलं दहा टक्क्यांच्या आसपास अंगी लागतं, म्हणजे दीड-दोन मिलिग्रॅम. शेवटच्या महिन्यांत गरज रोज सहाच्या पुढे जाते. त्यामुळे नुसत्या खाण्याने ही तूट भरत नाही, आणि कुणी भरते म्हणालं तर विश्वास ठेवू नका. बीट लाल असतं एवढंच. १०० ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसतं. गुळाच्या १० ग्रॅमच्या खड्यात जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. नाचणी जरूर खावी, पण कॅल्शियमसाठी. १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असणारं दुसरं धान्य आपल्याकडे नाही. मात्र रक्त वाढवायला ती कामाची नाही.

कामाचे आहेत ते कुळीथ. त्याची पिठी आपल्याकडे गरिबाघरचं जेवण समजली जाते, पण लोहाच्या बाबतीत ती बऱ्याच महागड्या पावडरींपेक्षा सरस आहे. चवळी, मटकी, वाल भिजवून मोड आणले की लोह अडवणारं फायटेट कमी होतं, म्हणून बिरडं आणि उसळ हवीच. शेवग्याचा पाला, लाल माठ, पावसाळ्यात टाकळा. या सगळ्याबरोबर ताज्या क जीवनसत्त्वाचं काहीतरी पानात पाहिजे: वरून पिळलेलं लिंबू, आवळा, पेरू, आणि मार्च ते मे काजूची बोंडं, जी बागेत कुजून जातात आणि ज्यांत क जीवनसत्त्व भरपूर असतं. सोलकढी पचायला चांगली, पण सुकवलेल्या आमसुलावर क जीवनसत्त्वासाठी भरवसा ठेवू नका. लिंबू शिजवू नका, ताटात पिळा.

माशांबद्दल. बांगड्यात लोह फार नसतं, १०० ग्रॅमला दीड मिलिग्रॅमच्या आतबाहेर. तरी मासा सोडू नये, कारण माशाच्या तुकड्याबरोबर खाल्लेल्या कुळथातलं, भाजीतलं लोह जास्त शोषलं जातं. म्हणून पिठी एका दिवशी आणि मासे दुसऱ्या दिवशी असं न करता दोन्ही एकाच पानात वाढा. बांगडा आणि तारली यांतून बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना लागणारं डीएचए हे ओमेगा-३ स्निग्धाम्ल मिळतं. आठवड्याला दोन-तीन वेळा, मिळून ३०० ग्रॅमच्या आसपास पुरे. मोरी (शार्क मासा) टाळा आणि मोठी सुरमई क्वचितच. मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. तिसऱ्या (शिंपल्या) लोह आणि बी-१२ या दोन्हींसाठी उत्तम, पण ताज्या, चांगल्या पाण्यातल्या आणि पूर्ण उकळलेल्या. उकळूनही न उघडलेली तिसरी फेकून द्या. दूषित पाण्यातून येणारी ई प्रकारची कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते, म्हणून पाणीही उकळलेलंच. बीपी वाढलेलं असेल तर खारा बांगडा, सुकट बंद.

वेळा आणि मात्रा सुधारल्यावर महिन्याने हिमोग्लोबिन किमान १ ने वाढलं पाहिजे. नाही वाढलं तर गोळ्यांचा ब्रँड बदलत बसू नका, कारण शोधा. पहिलं, आकडी जंत. त्यांच्या अळ्या ओल्या मातीतून पायाच्या कातडीतून आत शिरतात, आणि लावणीच्या चिखलात, परसात अनवाणी वावरणाऱ्यांना हा धोका आपल्याकडे खराच आहे. चौथ्या महिन्यानंतर अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एक गोळी देतात. मिळाली नसेल तर मागा. दुसरं, बी-१२ ची कमतरता, घरी मासे असले तरी त्या स्वतः किती वेळा खातात ते पाहा. तिसरं, थॅलेसेमिया मायनर, म्हणजे थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचं वाहक असणं. रिपोर्टवर एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) फारच कमी आणि लाल पेशींची संख्या मात्र चांगली दिसली तर एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणारी रक्ततपासणी करावी. ती पॉझिटिव्ह आली तर लगेच तुमचीही करावी लागते, कारण दोघेही वाहक असतील तर बाळाला गंभीर आजार होण्याची शक्यता प्रत्येक खेपेला चारात एक. हे कळायला उशीर परवडत नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते, तिथे हे सगळं विचारता येईल. तोंडाने घेतलेलं लागू पडत नसेल किंवा दिवस भरत आले असतील तर शिरेतून लोह देतात, ते रुग्णालयातच.

आईंची भीती अनेक घरांत आहे, पण त्यापायी कमी वाढू नका. अपुऱ्या खाण्याने बाळ अडीच किलोच्या आतलं जन्माला येण्याचा धोका वाढतो आणि बाळंतीण अशक्त राहते. या महिन्यांत रोज साडेतीनशे कॅलरी जास्त लागतात. एक भाकरी, वाटीभर उसळ आणि कपभर दूध, एवढंच ते. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात पालेभाजी, फळं आणि दूध वारंवार घेणाऱ्या आयांच्या बाळांची वाढ चांगली दिसली. आईंना हे सांगा: भाताचा ढीग वाढवायचा नाहीये, ताटात भाजी आणि डाळ वाढवायची आहे.

बाळाचं म्हणाल तर अजून हातात वेळ आहे. रक्त कमीच राहिलं तर दिवसांआधी प्रसूती आणि कमी वजन यांचा धोका वाढतो, आणि प्रसूतीत नेहमीएवढा रक्तस्रावही आईला झेपत नाही. बाळ लोहाचा बहुतेक साठा शेवटच्या तीन महिन्यांत घेतं. आईच्या दुधात लोह अगदी थोडं असतं, त्यामुळे पहिले सहा महिने बाळ याच साठ्यावर चालतं. साठा अपुरा असला तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. बसल्या जागी धाप, छातीत धडधड, चेहऱ्यावर सूज किंवा डोकेदुखी झाली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. आणि प्रसूतीच्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा, की सगळं ठीक असेल तर नाळ एक ते तीन मिनिटं थांबून बांधावी. तेवढ्यात वारेतलं बरंच रक्त बाळाकडे जातं. प्रसूतीनंतरही वहिनींच्या गोळ्या १८० दिवस चालू ठेवायच्या आहेत.