संदर्भसूचीतील नोंदी आणि ‘तत्रैव’

प्रबंधाचे लेखन करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की पुस्तक, दिवाळी अंकातील लेख, संतांचे काव्य आणि संकेतस्थळ या सर्वांच्या नोंदी संदर्भसूचीत एकाच साच्यात बसवाव्यात का, आणि लागोपाठच्या नोंदींत ‘तत्रैव’ (म्हणजे ‘तिथेच’, वरच्याच ग्रंथात) लिहिलेले चालेल का.

‘तत्रैव’ तळटिपेतच शोभते. तळटिपा मजकुराच्या क्रमाने येतात, त्यामुळे ‘तिथेच’ म्हणजे नेमके कुठे, हे वरची टीप सांगते. सूची वर्णानुक्रमे लावलेली असते. मध्ये एखादी नवी नोंद शिरली की ‘तत्रैव’ भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागते. म्हणून सूचीतील प्रत्येक नोंद पूर्ण लिहावी.

पुस्तकासाठी आडनाव, नाव, शीर्षक, प्रकाशक, स्थळ, आवृत्ती आणि वर्ष पुरेसे आहे. दिवाळी अंकातील लेखाचे शीर्षक अवतरणचिन्हांत द्यावे आणि पुढे अंकाचे नाव, संपादक, वर्ष व लेखाची सर्व पृष्ठे नोंदवावीत. संकेतस्थळावरील मजकूर बदलू शकतो, म्हणून तो पाहिल्याची तारीख आवश्यक आहे.

टोपणनावाच्या बाबतीत मुखपृष्ठावर छापलेले नाव प्रमाण मानावे, असे माझे मत आहे. ‘विशाखा’ची नोंद ‘कुसुमाग्रज’ या नावाखाली आणि ‘नटसम्राट’ची ‘शिरवाडकर, वि. वा.’ या नावाखाली करून दोन्ही ठिकाणी ‘हेही पाहा’ असा परस्परनिर्देश द्यावा. एका नावाखाली सारे ओढून आणले, तर ग्रंथालयात पुस्तक शोधणाऱ्याची विनाकारण अडचण होते.

सर्वाधिक काळजी संतसाहित्याबाबत घ्यावी लागते. ‘ज्ञानेश्वरी’तील ओवी अध्याय व ओवीक्रमांकाने सांगण्याची रीत उत्तमच आहे, परंतु प्रतीप्रतींत पाठ आणि ओवीक्रम यांत फरक आढळतो. तुकारामांच्या गाथेत तर अभंगांचे क्रमांकच आवृत्तीगणिक बदलतात, त्यामुळे शंकर पांडुरंग पंडित यांनी संपादित केलेल्या प्रतीतील क्रमांक घेऊन विष्णुबुवा जोगांची सार्थ गाथा उघडणाऱ्याला तिथे वेगळाच अभंग सापडण्याचा संभव असतो. अशा नोंदीत संताच्या नावानंतर संपादकाचे नाव आणि आवृत्ती अवश्य द्यावी, आणि मजकुरात अभंगाच्या क्रमांकासोबत त्याचा पहिला चरणही उद्धृत करावा. जुन्या प्रतीवर केवळ शकवर्ष असेल, तर ते तसेच ठेवून इसवी सन चौकटी कंसात लिहावा, जसे ‘शके १८३० [१९०८–०९]’. शकवर्ष चैत्रात सुरू होत असल्याने महिना ठाऊक नसताना एकच सन लिहिणे योग्य नाही.