आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेचा पट १७ वर आलाय. शाळा वाईट आहे का? मुलीला तिथे पहिलीत घालावं का?

पटावरून शाळेची पारख करू नका. आमचं गाव काटोल तालुक्यातलं. तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीवर मी आहे, आणि आमचाही पट असाच उतरला. शिकवणं बिघडलं म्हणून एकही पोर गेलं नाही. गावात पाळणे कमी हलायला लागले, काही घरं कामासाठी हिंगणा-बुटीबोरीकडे गेली आणि सकाळी कॉन्व्हेंटची व्हॅन पारापाशी येऊन हॉर्न वाजवू लागली. शेजारचं पोर टाय लावून व्हॅनमध्ये बसलं की आपलं पायी धाडायला आईबापाला कमीपणा वाटतो.

किती मुलांना वाचता येतं, त्या टक्क्यांचंही तसंच. तिसरीत चारच मुलं असतील आणि एकाला वाचता आलं नाही, तर शाळा ७५ टक्क्यांवर. पुढच्या वर्षी चौघंही वाचली की १००. मॅडम त्याच, खडूही तोच.

खरी अडचण वेगळी आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. त्यातले एक प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेले की सगळे वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. म्हणून गेल्या वर्षी दोघंही शिक्षक किती दिवस वर्गावर होते, हे आधी विचारा. शिक्षकांची पदं संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे याच्या सरकारी मंजुरीत, पटावरूनच ठरतात, त्यामुळे एकेक दाखला निघाला की उरलेल्या मुलांचंच नुकसान होतं. याची मला फार काळजी वाटते.

आपल्या विदर्भात शाळा जूनअखेरीस उघडतात. उघडल्यावर अर्धा तास वर्गात जाऊन बसा. तिसरीतल्या मुलाला दुसरीचं बालभारतीचं पुस्तक मधूनच उघडून द्या; पहिले धडे पाठ असतात. मी असंच केलं होतं. एक मुलगी ओळीखाली बोट ठेवून वाचत होती, ‘स्वच्छता’वर अडली. मॅडमनी शब्द सांगितला नाही, नुसत्या थांबल्या. पोरीने ओठांतल्या ओठांत तो फोडला आणि मग मोठ्याने म्हटला. माझ्या मुलाचा दाखला काढायचा विचार मी त्याच दिवशी सोडला.

तुमच्याकडे मुलं वाचताना दिसली नाहीत, तरी लगेच व्हॅन लावू नका. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. पुढच्या बैठकीला जा आणि वाचनाचा विषय तुम्हीच काढा.